येळवसला गावी जा, वाटणीची फाईल घरीच ठेवा

चाकणला नोकरी करणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात आमची सहा एकर जिरायत जमीन आहे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. थोरले भाऊ शेती बघतात, आई त्यांच्याजवळ राहते. दोन बहिणी आहेत, दोघी दिल्या घरी. वडील गेल्यापासून शेताचा एक रुपया माझ्याकडे आला नाही. विचारलं तर दादा म्हणाले, 'इथं येऊन राब, मग हिस्सा माग.' त्या रागात मी पुतणीच्या लग्नालाही गेलो नाही. दीड वर्ष झालं, बोलणं बंद आहे. आईला शुगर-बीपी आहे, तिच्याशी फोनवर बोलतो तेही दादा शेतात गेल्यावर. बायको म्हणते वकील गाठा. मित्र म्हणतात सोडून द्या, तुमचं काय अडलंय? अशा भावाशी संबंध ठेवून फायदा तरी काय?"

भाऊ, तुम्ही फायदा विचारलाय, तर फायद्याचंच बोलू. सुरुवात तुमच्या आईपासून करायला हवी, कारण या अबोल्याची सगळ्यात मोठी किंमत आज त्याच मोजत आहेत.

दोन मुलं बोलत नसली की घरातली म्हातारी माणसं दुखणं लपवायला लागतात. पायाला मुंग्या येतात हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही दादांना बोल लावाल. दादांना सांगितलं तर ते म्हणतील, "मग त्याला बोलव की पुण्याहून." म्हणून आई दोघांनाही "बरी आहे" एवढंच सांगते. शुगरच्या आजारात हे लपवणं महागात पडतं. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी, डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड वर्षातून एकदा तपासायला हवं, आणि पाय रोज बघायला हवेत. हे काम एकट्याचं नाही. लातूरला नेणारा हात गावातला लागतो. रिपोर्ट बघून डॉक्टरांशी बोलणारा, पुढची तारीख लक्षात ठेवणारा माणूस पुण्यातला असला तरी चालतो. दोघं बोलत असतील तरच हे जमतं.

आणखी एक गोष्ट, जी बोलत्या घरात सहज कळते आणि अबोल्यात सुटते. आई एकादशी धरत असतील आणि ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी नेहमीसारखीच घेत असतील, तर उपवासाच्या दिवशी शुगर एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यायची, 15 मिनिटांनी शुगर पुन्हा बघायची. बरं वाटलं की काहीतरी खायला द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. उपवासाच्या दिवशी गोळी किती घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायला हवं. तुमच्या वहिनींना हे माहीत आहे का? तुम्हाला सांगता येत नाही, कारण दीड वर्षात तुम्ही त्यांच्याशी बोललेलाच नाहीत.

तुमच्या स्वतःच्या तब्येतीचाही प्रश्न आहे. 2010 साली 148 अभ्यासांचा आणि तीन लाखांहून अधिक माणसांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची घरची-दारची नाती घट्ट होती, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे 50 टक्क्यांनी जास्त आढळली. अमेरिकेत 2005 सालच्या एका प्रयोगात नवरा-बायकोंच्या हातावर बारीक फोड आणून ते किती दिवसांत भरतात हे पाहिलं. एकमेकांशी तुसडेपणाने वागणाऱ्या जोडप्यांच्या जखमा बऱ्याच हळू भरल्या. सततचा ताण शरीराची भरून काढण्याची ताकद कमी करतो. रात्री दादांशी मनातल्या मनात भांडत जागे राहत असाल, तर त्याचा हिशेब तुमच्याच अंगातून वसूल होतोय.

आता जमीन. या रागाचं मूळ तिथं आहे असं तुम्हाला वाटतं, म्हणून जरा आकडे मांडू.

सहा एकर म्हणजे 240 गुंठे. वारस पाच: आई, दोघे भाऊ, दोघी बहिणी. जमीन वडिलोपार्जित धरा नाहीतर वडिलांची स्वकष्टाची आणि मृत्युपत्राविना राहिलेली धरा, तुमच्या घराच्या बाबतीत हिशेब एकाच जागी येतो: प्रत्येकी पाचवा हिस्सा, 48 गुंठे, म्हणजे एक एकर आठ गुंठे. तुमच्या मूळ पत्रात "माझा अर्धा हिस्सा" असे शब्द दोनदा आले आहेत. तो अर्धा नाही. 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतकाच हक्क दिला, आणि तो जन्मानेच मिळतो, वडील कधी गेले याच्याशी त्याचा संबंध नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. बहिणींना बाजूला ठेवून दोघा भावांनी अर्धं-अर्धं करायचा विचार दादांच्याही डोक्यात असेल, तर तो तिथल्या तिथं सोडून द्या.

उत्पन्नाचं बघू. सोयाबीन एकरी सहा क्विंटल झालं आणि मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, क्विंटलला 4,200 चा भाव मिळाला असं धरा. (2025-26 चा हमीभाव 5,328 होता, पण घाईत मोंढ्यावर माल नेणाऱ्याच्या हाती तो दरवेळी पडत नाही.) सहा एकरांत 36 क्विंटल, म्हणजे 1,51,200 रुपये. बी, खत, तणनाशक, दोन-तीन फवारण्या, काढणी, मळणी, भाडं मिळून एकरी 18 हजार धरले तर खर्च 1,08,000. उरले 43,200. त्याचा पाचवा हिस्सा 8,640 रुपये, वर्षाचा. यात दादांच्या आणि वहिनींच्या घरच्या मजुरीचा एक पैसा धरलेला नाही. रानडुकरं हाकायला रात्री राखणीला जाणं धरलेलं नाही. आईचं करणं तर नाहीच नाही. मराठवाड्यात शेत बटईने दिलं तर करणाऱ्याला साधारण निम्मं जातं. त्या रिवाजाने पाहिलं तर तुमच्या वाट्याला आणखी कमी येईल. आणि ज्या वर्षी सप्टेंबर 2025 सारखा पाऊस होऊन उभं पीक पाण्यात जातं, त्या वर्षी तुमच्या हिश्श्याला तोटाच येतो. तो भरायला तुम्ही पैसे पाठवले असते का?

हे तुम्हाला खजील करायला लिहिलेलं नाही. तुमचा राग खोटा नाही, पण तो या आठ हजारांचा नाही. पेरणीला काय पेरलं, किती झालं, कुणाला विकलं हे तीन वर्षांत तुम्हाला कुणी विचारलंही नाही आणि सांगितलंही नाही, त्याचा तो राग आहे. आपण त्या घरातून वजा झालो असं तुम्हाला वाटलं. दादांच्या बाजूनेही तसंच काहीतरी आहे. सख्खा चुलता पुतणीच्या लग्नात दिसला नाही, तेव्हा मांडवात अख्ख्या भावकीला उत्तर त्यांना द्यावं लागलं. "कंपनीत सुट्टी मिळाली नाही" असं खोटंही कदाचित तुमच्यासाठी त्यांनीच सांगितलं असेल. लग्नातली गैरहजेरी गावात वर्षानुवर्षं काढली जाते, जमिनीच्या बोलण्यापेक्षा ती जास्त खोल लागते. म्हणून तिच्यापासून सुरुवात करा.

पहिला फोन तुम्ही करायचा, कारण धाकटे तुम्ही आहात आणि लग्न चुकवलं तेही तुम्हीच. मृगाच्या पेरणीच्या किंवा सोयाबीनची रास चालू असलेल्या दिवसांत करू नका, तेव्हा माणूस थकलेला आणि धास्तावलेला असतो. रात्री आठ-साडेआठला, जेवण झाल्यावर करा. मेसेज नको, घरच्या ग्रुपवर तर मुळीच नको. मेव्हण्याला मध्ये घालू नका. बोलायचं एवढंच: "दादा, पोरीच्या लग्नाला मी यायला पाहिजे होतं. आलो नाही, चुकलं माझं." इथं थांबा. "पण तुम्हीही मला..." हे वाक्य तोंडात आलं तरी गिळा. त्या 'पण'ने आधीचं सगळं पुसलं जातं. ते चिडून बोलले तर ऐकून घ्या, दीड वर्षाचं साचलेलं आहे. जमिनीचा विषय त्यांनी काढला तरी "ते नंतर निवांत बोलू, आधी आईचं सांगा" म्हणून बाजूला ठेवा. पाच मिनिटांत फोन संपला तरी काम झालं.

त्याच आठवड्यात पुतणीला स्वतः फोन करून तिला आणि जावयांना पुण्याला जेवायला बोलवा, राहिलेला आहेर तेव्हा करा. अधिक महिना जवळ असेल तर धोंड्याचं जेवणच घाला. हे दादांच्या कानावर त्यांच्या लेकीकडून जाईल. तुम्ही दहा फोन करून जे साधणार नाही, ते लेकीच्या एका फोनने साधतं.

मग गावी जायला येळवससारखा दिवस नाही. मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूर-धाराशिवकडे घरोघर शेतात साजरी होते, त्या दिवशी कुणाच्याही रानात गेलं तरी पंगतीला बसवतात. रुसलेल्या माणसाला "कशाला आलास" असं त्या दिवशी कुणी म्हणत नाही. ऐन दिवशी दुपारी पाहुण्यासारखे गाडीतून उतरू नका. आदल्या दिवशी पोचा. कडब्याची कोप (खोपटं) उभी करायला दादांबरोबर हात लावा. तुमची बायको भज्जीसाठी शेंगा सोलायला, उंडे वळायला वहिनींच्या शेजारी बसू दे. मुलांना आंबिलाचं मडकं रानात न्यायला लावा. सोबत काम केलं की समोरासमोर बसून बोलण्याचा अवघडपणा उरत नाही. वाटणीची फाईल, सातबाऱ्याचे उतारे पुण्यातच राहू द्या. बायकोला आधी नीट समजावून न्या. तिने तुमची बाजू धरून एक टोमणा मारला आणि वहिनींनी तो उचलला, तर सगळं मुसळ केरात.

त्या भेटीनंतर नेमाने करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. रविवारी दहा मिनिटं फोन, आईला वेगळा आणि दादांना वेगळा. आईच्या फोनवरून "दादाला दे" असं करू नका, त्यांना तो उरलेला फोन वाटतो. आईच्या स्वतःच्या बँक खात्यावर दर महिन्याच्या 5 तारखेला ठरलेली रक्कम, दोन हजार असली तरी चालेल, पण चुकवायची नाही. एकदम दिवाळीला वीस हजार देऊन वर चार गोष्टी सुनावणारे बरेच असतात. त्यात देणाऱ्याला मोठेपणा वाटतो आणि घेणाऱ्याला ओझं. आईची औषधं एका कागदावर लिहा: नाव, किती मिलिग्रॅम, जेवणाआधी की नंतर. तो कागद वहिनींच्या स्वयंपाकघरात चिकटवा, फोटो चौघा भावंडांच्या फोनमध्ये ठेवा. दादांकडे हिशेब मागू नका. माल विकला की मोंढ्यातल्या आडतीच्या पट्टीचा फोटो टाकत जा, एवढंच म्हणा. पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं असतं. एक फोटो आला की तुमच्या मनातली निम्मी शंका जाते, आणि दादांनाही चोरासारखं उभं राहावं लागत नाही. मे महिन्यात मुलांना आठ दिवस गावी ठेवा. चुलत भावंडं एका ताटात जेवलेली असली, तर पुढच्या पिढीची वाटणी तरी सोपी जाईल.

हे सगळं रुळायला पाच-सहा महिने द्या. मग जमिनीचं बोला, पण बोलाच. टाळलं तर पुढच्या पिढीत पाचाचे पंधरा वारस होतील.

बैठक घरीच, आईसमोर, दोघी बहिणींना बोलावून. हवं तर मामांना बसवा. आधी बघायचं की वडिलांच्या पश्चात वारसनोंद झालीय का. ती तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवायची असते, पुष्कळ घरांत वर्षानुवर्षं राहते. नोटीस निघून हरकतीसाठी 15 दिवस जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार (नावातल्या बदलाची नोंद) मंजूर करतात. सातबाऱ्यावर पाचही नावं लागू द्या. संबंध ठेवण्याचा एक रोकडा फायदा इथंही आहे: सामाईक खात्यावर अतिवृष्टीचं अनुदान एकाच्या बँक खात्यात घ्यायचं तर बाकीच्यांची संमतीपत्रं लागतात. भावकी बोलत नसली की ते पैसे अडकून पडतात. तुमच्या एका सहीने दादांचं रब्बीचं बियाणं येऊ शकतं.

सगळ्यांचं एकमत झालं तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटणीचा अर्ज करता येतो, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करता येतं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, आणि नोंदणी शुल्कही माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये घेतला. गावात शंभराच्या बाँडवर लिहून चार जणांच्या सह्या घेतलेली वाटणी पुढे मोजणीला आणि कर्जाला अडचणीची ठरते. 2023 च्या अधिसूचनेप्रमाणे जिरायतीचा तुकडा 20 गुंठ्यांच्या खाली जाता कामा नये. तुमचे 48 त्यात बसतात, पुढच्या वाटणीत कदाचित बसणार नाहीत.

वाटणीत सगळ्यात जास्त चुकतं ते क्षेत्रात नाही, रस्त्यात आणि पाण्यात. मागच्या बाजूचा तुकडा ज्याला येतो, त्याला रस्ता कुठून हे कागदावर नसतं. पहिली दोन वर्षं चालतं. मग एका मृगात पुढचा भाऊ धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) पेरतो आणि ट्रॅक्टर अडतो. म्हणून ट्रॅक्टर पेरणीयंत्रासह वळेल असा दहा-बारा फुटांचा रस्ता, कुणाच्या क्षेत्रातून किती गुंठे जाणार यासकट नकाशावर काढा. पुढे विहीर किंवा बोअर घेणार असाल तर कुणाच्या हद्दीत, खर्च कसा वाटायचा, पाण्याची पाळी कशी, मोटार जळाली तर भरायचं कुणी, हेही लिहा. झाडं कुणाची? आंबा धुऱ्यावर असेल तर हा प्रश्न हमखास निघतो. मोजणी भूमी अभिलेखकडून सरकारीच करून घ्या आणि हद्दीचे दगड सगळ्यांसमोर रोवा.

बहिणींना हिस्सा हवा आहे का हे सरळ विचारा, सगळ्यांसमोर, आणि उत्तराला महिनाभर वेळ द्या. राखीला आल्या की हक्कसोडपत्र पुढे सरकवायचं, असं पुष्कळ घरांत होतं. त्या सह्या करतात, पण पुढे माहेरी येणं कमी होतं, आणि का ते कुणी बोलत नाही. हक्क सोडायचा असेल तर त्यांच्या मनाने, नोंदणी करून. घ्यायचा असेल तर तोंड न वाकडं करता द्या. आणि तुमचा हिस्सा ठरला की तो करायला दादांनाच द्या, वर्षाचा ठोका (ठरलेली रक्कम) किंवा बटई दोघांच्या मर्जीने लिहून.

वकिलाबद्दल. वाटणीचा दावा आधी दिवाणी न्यायालयात चालतो. निकालानंतरही शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मोजणी होऊनच होतं, म्हणजे कोर्ट जिंकल्यावर दुसरी फेरी सुरू होते. मधे अपील आलं की आणखी वर्षं. 48 गुंठ्यांसाठी तो रस्ता पहिला धरू नका. पण काही गोष्टींत थांबायचं नसतं: दादांनी वारसांत कुणाचं नाव गाळलं, खोट्या सह्या केल्या, परस्पर जमीन विकायला काढली, किंवा आईला मारहाण-उपासमार होतेय असं कळलं, तर नात्याकडे बघत बसू नका. डिजिटल सातबारा 15 रुपयांत घरबसल्या निघतो, दर दोन-तीन महिन्यांनी बघत जा. फेरफाराला मुदतीत लेखी हरकत द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्याआधीच तडजोडीसाठी अर्ज करता येतो, हेल्पलाइन 15100. आईला आणि बहिणींना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिच्यावर अपील नाही. आईच्या पोटगीचा किंवा छळाचा प्रश्न असेल तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे जाता येतं, आणि ज्येष्ठांसाठी 14567 हा मोफत क्रमांक आहे. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. दिसतो तो एक दमलेला थोरला भाऊ आणि एक दुखावलेला धाकटा.

दादांनी पहिला फोन उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करू नका, ते टोचल्यासारखं होतं. पंधरा दिवस थांबून करा. तोही उचलला नाही तर वहिनींच्या फोनवर करा आणि आईच्या पुढच्या तपासणीची तारीख विचारा. त्या दिवशी सुट्टी काढून लातूरला दवाखान्यात हजर राहा. आईला घेऊन दादा तिथं येतीलच.